ट्रेडमिल घरी आणली, आता आधी एवढं करा

भाऊ, मशीन घेतली हे फार चांगलं केलं. वेग, चढ, कॅलरी हे सगळं पुढे पाहू.

सगळ्यात महत्त्वाची ती लाल दोरीची चावी. तिची क्लिप रोज शर्टाला लावा. पाय घसरून मागे गेलात की चावी निघते आणि पट्टा थांबतो. बहुतेक जण ती नुसती मशीनला अडकवून ठेवतात, मग तिचा उपयोग शून्य. आपल्याकडे लाइन कधीही जाते, पट्टा चालता चालता थांबतो, म्हणून समोरचा दांडा हाताच्या टप्प्यात असू द्या. पण त्यावर रेलून चालू नका. लाइन गेली की लगेच पट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या न हलणाऱ्या कडांवर पाय ठेवून उतरा.

सुरुवातही तशीच: दोन्ही पाय बाजूला, वेग १ किमी, मग पट्ट्यावर. पहिले काही आठवडे ताशी ३ ते ४ किमी पुरे. शेवटी वेग हळूहळू कमी करा, चालत्या पट्ट्यावरून उडी नको.

नव्या लोकांच्या नेहमीच्या चुका:
- चप्पल घालून किंवा अनवाणी चालणं
- मशीनची पाठ भिंतीला लावणं (मागे सहा फूट मोकळे हवेत)
- चालताना मोबाइल पाहणं

मे महिन्यात पारा ४५ वर जातो, तेव्हा टिनाच्या खोलीत दुपारी अजिबात नको, पहाटेच चाला. छातीत दुखलं, गरगरलं तर तिथंच थांबा. बीपी-शुगर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि घरात लेकरं असतील तर चालून झालं की चावी काढून उंचावर ठेवा. पट्ट्यात बोटं गेली तर कातडी सोलून निघते.