वहीत आधी काय लिहायचं?

रोजच्या नियोजनाबद्दल सांगली जिल्ह्यातून आलेल्या प्रश्नांपैकी काही या वेळी घेतले आहेत.

तासगावजवळ द्राक्षबाग आहे. रोज सकाळी वहीत कामं लिहितो. रात्री पाऊस झाला की सगळं कोलमडतं. मग लिहायचं तरी कशाला?

सकाळी लिहिता, तिथंच घोटाळा आहे. मजुरांना निरोप आदल्या संध्याकाळी जातो, शेतीची लाईट दिवसा की रात्री तेही आधी ठरलेलं असतं, आणि तुम्ही मात्र उजाडल्यावर वही उघडता. मजूर घरी जायच्या आत उद्याचं पान लिहून टाका.

पानाच्या डोक्यावर तारखेसोबत छाटणीनंतरचा दिवस लिहा. नाहीतरी 'बाग किती दिवसांची झाली' हेच बागायतदार एकमेकांना विचारतात. मग कामं दोन बाजूंना विभागा. फेलफूट (घड नसलेल्या फुटी) काढणं, डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), विरळणी (घडातले जास्तीचे मणी काढणं) ही त्या दिवसांना बांधलेली कामं. औषध दुकानाची उधारी, फवारणीच्या ब्लोअरची दुरुस्ती, सोसायटीतली चक्कर ही चार दिवस इकडंतिकडं झाली तरी चालणारी. बहुतेकांच्या वहीत ही दोन्ही एकाच रांगेत असतात, आणि सोपी म्हणून उधारी आधी मिटते.

राहिला पाऊस. बांधलेल्या कामाखाली एक ओळ जास्तीची लिहा : 'रात्री पाऊस झाला, तर सकाळी आधी पानं बघायची, डाऊनीचं (पानांवरच्या बुरशीचं) औषध फवारायचं, मजुरांना उशिरा बोलवायचं.' अशा 'जर-तर' ठरावांवर पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने बरंच काम केलं आहे. नुसतं 'करीन' म्हणण्यापेक्षा 'अमुक झालं तर तमुक करीन' असं ठरवलेलं काम तडीला जाण्याची शक्यता जास्त असते. ओल्या पानांसमोर उभं राहून विचार करत बसण्यात डाऊनीचाच फायदा.

सांगलीत अभ्यासिकेत एमपीएससीचा अभ्यास करतो. चौदा तासांचं वेळापत्रक केलं, तिसऱ्या दिवशी मोडलं. चिकाटी कमी पडते का?

चिकाटीचं नंतर बघू, आधी अंदाज तपासा. आपल्याच कामाला किती वेळ लागेल, हे माणूस हमखास कमी धरतो. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या खोडीबद्दल लिहिलं. पुढं १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना 'तुमचा प्रबंध कधी संपेल' असं विचारलं होतं. त्यांचा सरासरी अंदाज होता सुमारे ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५ हून जास्त. सगळं वाईटात वाईट घडलं तर किती, याचा त्यांचा अंदाजही खऱ्या आकड्याच्या अलीकडंच राहिला.

म्हणून आठवडाभर वेळापत्रक करूच नका. रोज रात्री फक्त नोंद ठेवा : राज्यघटनेचं एक प्रकरण खरोखर किती वेळात झालं, चहाला गेलात ते परत कधी आलात. खऱ्या अभ्यासाचे सहा तास निघाले, तर वेळापत्रक सहाचंच करा. चौदा तासांचं पान मित्राला दाखवायला छान दिसतं, एवढंच.

विश्रामबागमध्ये राहते. घर सांभाळून डब्यांच्या ऑर्डरी घेते. दिवसभर उभी असते, तरी रात्री वाटतं की आपलं काहीच झालं नाही. नियोजन कसं करू?

ताई, नळाला पाणी येण्याची वेळ, मुलांची शाळा, सासऱ्यांच्या गोळ्या, डबे निघण्याची वेळ हे सगळं तुमच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. नियोजनात तुम्ही कच्च्या नाही. अडचण अशी की घरातल्या चार माणसांची कामं एकाच वहीत, तुमच्या नावावर आहेत. वही तशीच ठेवा, फक्त प्रत्येक कामापुढं नाव लिहायला लागा. पाणी भरणं मिस्टरांकडं, गोळ्या काढून देणं मोठ्या मुलाकडं. कुरकुर होईल. होऊ द्या.

आणि 'डबे' हा व्यवसाय आहे, त्याची वेळ घरकामात मिसळू नका. दुपारी अर्धा तास हिशोब आणि उद्याच्या भाजीची यादी, तेवढ्या वेळात दार वाजलं तर दुसऱ्या कुणीतरी उघडावं.

कुपवाड एमआयडीसीत फिरत्या शिफ्टमध्ये आहे. सगळे सांगतात पहाटे चारला उठा. उठू का?

नाही. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला हा सल्ला देणारा एकतर झोपलेला तरी असतो, किंवा कधी रात्रपाळीला गेलेला नसतो. तुमचं पान घड्याळावर नको, शिफ्टवर मांडा : सुटल्यावर पहिलं काय, झोपून उठल्यावर काय, निघण्याआधी काय. रात्रपाळीच्या आठवड्यात 'सुटल्यावर' समोर झोप सोडून काहीही लिहू नका. बँकेचं काम झोप झाल्यावर, नाहीतर सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळी.

मोबाईलमधलं ॲप चांगलं की डायरी?

जे उघडाल ते. घरोघरी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा हिशोब न चुकता लिहिला जातो, कारण ते समोर टांगलेलं असतं आणि पेन तिथंच दोऱ्यानं बांधलेलं असतं.