चर्चच्या अंगणातला तुटका खांब

प्रश्न : लेकीकडे इंग्लंडला गेले होते. ग्लॉस्टरशरमधल्या खेड्यांत चर्चच्या आवारात दगडी पायऱ्या आणि त्यांवर नुसताच तुटका खांब दिसला. ही कुणा बड्या माणसाची समाधी का? आणि दुरुस्त का करत नाहीत?
– एक वाचक, सातारा

उत्तर : समाधी नव्हे, बाई. तो साऱ्या दफनभूमीचा मिळून एकच क्रूस. मध्ययुगात साध्या माणसाच्या थडग्यावर कोरीव दगड सहसा नसेच. सगळ्यांवर छत्र या क्रूसाचं. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, मिरवणूकही इथे थांबायची. शीर्षावर येशू, मरिया कोरलेले असत, म्हणून घाव नेमका तिथेच पडला. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत, म्हणजे मूर्तिपूजेला विरोध करणाऱ्या प्रॉटेस्टंट चळवळीत, बरेच क्रूस फुटले, आणि 1643 मध्ये पार्लमेंटने चर्चच्या आवारातले क्रूस हटवायचा हुकूमच काढला. पायऱ्या मात्र राहिल्या. जड दगड उपटायची हौस कुणाला!

पुढल्या खेपेला सिरेन्सेस्टरजवळच्या अ‍ॅम्प्नी क्रूसिसला जरूर जा. तिथल्या क्रूसाचं शीर्ष चर्चच्या भिंतीत चिणलेलं होतं. एकोणिसाव्या शतकात ते सापडलं आणि पुन्हा खांबावर चढलं. एका बाजूला क्रूसावरचा येशू, दुसरीकडे बाळ घेतलेली मरिया, कडेला चिलखतातला सरदार. इतकी शाबूत कोरीवकला क्वचितच बघायला मिळते.

दुरुस्तीचं म्हणाल, तर काही ठिकाणी खुंटावर सूर्यघड्याळ बसवलं, काही पहिल्या महायुद्धानंतर स्मारक म्हणून पूर्ण केले. मला विचाराल तर मोडकेच बरे. नव्या शीर्षांचे गुळगुळीत चेहरे मला तरी परके वाटतात.