‘अलाऊ’ आपणच दाबलं होतं, मग तक्रार करता येते का?

“सर, परवानगी मीच दिली होती. आता कोणत्या तोंडानं पोलिसांत जाऊ?” कर्जाच्या ॲपने छळलेली माणसं सल्ल्याला आली की पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. सेलूकडच्या एका ताईंचाही हाच होता (ओळख पटेल ते तपशील बदलले आहेत). सणाच्या तोंडावर शिलाईचं कापड भरायला त्यांनी ॲपवरून 5,000 रुपये घेतले. खात्यात आले 3,100, बाकीची ‘प्रोसेसिंग फी’. मुदत सात दिवसांची, पण पाचव्या दिवसापासूनच धमक्या सुरू झाल्या. मग डीपीवरून बनवलेला नग्न फोटो दिराला आणि बचत गटाच्या अध्यक्षांना गेला. दोघांचे नंबर ॲपने त्यांच्या फोनमधूनच उचलले होते.

परवानगीचं ओझं आधी उतरवू. कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधले नंबर, कॉल लॉग, फोटो-फाइल्स यांना हात लावायचा नाही, ही रिझर्व्ह बँकेची अट 2022 पासून आहे आणि 2025 च्या निर्देशांतही ती कायम आहे. कॅमेरा किंवा लोकेशन केवायसीपुरतं, एकदाच, तेही विचारून. म्हणजे ‘अलाऊ’ दाबलं तरी अट मोडणारा ॲपवालाच. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा याच्याही पुढे जातो. त्याच्या कलम 6 मध्ये उदाहरणच दिलंय: डॉक्टरी सल्ल्याच्या ॲपने कॉन्टॅक्ट लिस्ट मागितली आणि बाईने हो म्हटलं, तरी ती संमती सल्ल्यापुरतीच धरायची, कारण त्या कामाला लिस्ट लागत नाही. मात्र त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि संमतीची कलमं त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात. शिवाय त्यातला दंड सरकारजमा होतो, पीडिताला भरपाई मिळत नाही. त्यामुळे तूर्त आधार पोलिस आणि रिझर्व्ह बँक यांचाच.

खरी अडचण पुराव्याची होते. लाजेपोटी दिराने मेसेज उडवून टाकला होता. नशीब, अध्यक्षांनी ठेवला होता. ज्याला आला त्याच्याच फोनमध्ये तो राहू द्यावा. पुढे फॉरवर्ड केला की मूळ नंबर आणि वेळ निघून जाते. स्क्रीनशॉट घेताना पाठवणाऱ्याचा पूर्ण नंबर +91 किंवा परदेशी कोडसह दिसला पाहिजे. ॲपचं नेमकं नाव, डेव्हलपरचं नाव, करारात लिहिलेली वित्त कंपनी, पैसे आले-गेले त्याचे यूटीआर नंबर (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो क्रमांक) हे सगळं आधी टिपून घ्या, मगच परवानग्या बंद करा आणि ॲप काढा. उलट केलं तर हाती काही उरत नाही. फोन रीसेट तर मुळीच करू नका; नेलेले नंबर त्याने परत येत नाहीत, पुरावा तेवढा जातो.

कोर्टासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा भाग ‘अ’ फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, म्हणजे इथे अध्यक्षांनी. भाग ‘ब’ तज्ज्ञाचा. फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइलवरून निघणारा, तिच्या ठशासारखा कोड) त्यात येते.

तक्रार 1930 या सायबर हेल्पलाइनवर किंवा सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर करावी. महिलांसंबंधी विभागात निनावी सोय आहे, पण पाठपुरावा हवा असेल तर नाव द्यावं. ठाण्यात गेल्यावर “हे सायबरचं काम, परभणीला जा” असं ऐकू येतं. आयटी कायद्याचा तपास निरीक्षक किंवा वरच्या अधिकाऱ्याने करायचा असतो, हे खरं. पण गुन्हा नोंदवायला त्यामुळे अडत नाही. हद्द कुठलीही असो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार तो नोंदवावा लागतो. ऑनलाइन दिलेल्या तक्रारीवर तीन दिवसांत सही करायला विसरू नये. ठाण्याने गुन्हा नोंदवायचं टाळलंच, तर पोलिस अधीक्षकांना टपालाने अर्ज पाठवा. अर्जात भारतीय न्याय संहितेची 308 (खंडणी) आणि 351 (धमकी), आयटी कायद्याची 67 आणि 67ए (अश्लील मजकूर पाठवणं) ही कलमं सुचवता येतात.

फोटो फेसबुक, इन्स्टाग्रामवर पसरू नये म्हणून स्टॉपएनसीआयआय या संकेतस्थळावर मोफत सोय आहे. फोटो फोनबाहेर जात नाही, फक्त त्याचा हॅश जातो. व्हॉट्सॲपवर खासगीत फिरणारा मेसेज मात्र याने थांबत नाही. तिथे नंबर रिपोर्ट आणि ब्लॉक करणं एवढंच.

राहिलं कर्ज. ‘सेटलमेंट’ म्हणून कुणाच्या तरी खासगी यूपीआयवर पैसे टाकले की मागणी वाढतेच, ताईंनीही 2,000 असेच घालवले होते. करारातली कंपनी रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली आहे का, हे रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पाहावं. नोंदलेली असेल, तर देणं त्या कंपनीच्या खात्यावरच भरावं आणि कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला छळाबद्दल लेखी कळवावं. 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फी नाही. कंपनी नोंदलेलीच नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर कळवावं.