नावं झाकून वाच

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

नाव मुद्दामच घालत नाही. हे पत्र तू बार रूममध्ये फिरवणार, हे मला माहीत आहे.

तू दोन गोष्टी विचारल्यास. एक, सॅम अर्विनचं, त्या अमेरिकी सिनेटरचं, आता काय करायचं. दोन, पक्षाने देऊ केलेलं नगरपरिषदेचं तिकीट घ्यायचं का. मधे रेघ मारून तू दोन वेगळे प्रश्न केलेस. माझ्या लेखी तो एकच आहे आणि त्याला माझं उत्तरही एकच आहे. तू ज्युनियर म्हणून आलीस त्याच आठवड्यात ते ऐकवलं होतं, तेव्हा तू मान डोलावलीस आणि फाइल उचलून निघून गेलीस. नावं झाक आणि मग कागद वाच.

अर्विनवर तुझा जीव जडला तो वॉटरगेट चौकशीच्या चित्रफिती बघून. (राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या माणसांनी विरोधी पक्षाच्या कार्यालयात केलेली घुसखोरी आणि तिच्यावर घातलेलं पांघरूण, त्याची ती चौकशी.) जडणारच. शहात्तरीचा, भुवया नाचवणारा म्हातारा, बोलता बोलता बायबल आणि शेक्सपिअरवर जाणारा, स्वतःला साधा खेड्यातला वकील म्हणवणारा. (हा खेडवळ हार्वर्डचा पदवीधर होता बरं का. तोही उलटा शिकलेला: आधी तिसरं वर्ष, मग दुसरं, मग पहिलं. पुढच्या वर्षी परत येता येईल की नाही याची खात्री नव्हती, कारण मार्गारेट बेल गावाकडे होती आणि ती किती दिवस वाट बघेल हे सांगता येत नव्हतं. थांबली, 1924 मध्ये लग्न झालं.) 7 फेब्रुवारी 1973 ला सिनेटने 77 विरुद्ध 0 मतांनी चौकशी समिती नेमली आणि तिचं अध्यक्षपद या माणसाकडे आलं. राष्ट्राध्यक्षाचा माजी सल्लागार अर्लिकमन साक्षीला बसला होता. राष्ट्राच्या सुरक्षेसाठी डॉक्टरच्या दवाखान्यात चोरून घुसणंही अध्यक्षाच्या अधिकारात बसतं, असा त्याचा पवित्रा. अर्विन म्हणाला, कायदा असं म्हणत नाही. अर्लिकमनच्या वकिलाने विचारलं, हे तुम्हाला कसं कळलं? उत्तर आलं: मला इंग्रजी कळतं, ती माझी मातृभाषा आहे.

त्या उत्तरावर तू टाळ्या वाजवल्यास. मीही वाजवल्या होत्या. कलमात लिहिलंय ते लिहिलंय, समोर रिचर्ड निक्सन असो की अर्विनच्या गावच्या, मॉर्गन्टनच्या, बाजारातला भुरटा चोर. नावं झाकून वाचणं म्हणतात ते हेच.

मग तू पुढे वाचलंस आणि तुझं धाबं दणाणलं. 12 मार्च 1956. दक्षिणेकडच्या 101 सिनेटर-खासदारांनी काढलेला जाहीरनामा: काळ्या आणि गोऱ्या मुलांना वेगवेगळ्या शाळांत बसवणं घटनाबाह्य आहे, हा सुप्रीम कोर्टाचा ब्राउन निकाल म्हणजे न्यायालयाने केलेला सत्तेचा गैरवापर. त्यावर अर्विनची नुसती सही नाही, मसुद्यालाही त्याचा हात लागलेला. पुढे 1957, 1960, 1964, 1965, नागरी हक्कांचा एकेक कायदा आला आणि हा प्रत्येकाच्या आडवा उभा राहिला, तेही राज्यघटना हातात धरून. ब्राउनचा निकाल लागला 17 मे 1954 रोजी आणि वॉटरगेटची जाहीर सुनावणी सुरू झाली 17 मे 1973 रोजी. तारखांना काही अर्थ नसतो, तरी ही तारीख मला कायम खटकत आलीय.

तू लिहितेस, ‘मॅडम, माझा माणूस गेला.’ तो तुझा कधी होता गं? मूर्ती घडवायची, मग तिला तडा गेला म्हणून रडायचं, याला माझ्याकडे वेळ नाही. आणि त्यानंतर तू जे लिहिलंस त्याने मी खरी चिडले: ‘तो त्याच्या काळाचा माणूस होता, असं म्हणून सोडून द्यावं का?’

नाही द्यावं. चार्ल्स डीनही त्याच काळाचा होता. अर्विनच्याच नॉर्थ कॅरोलायना राज्यातला, त्याच डेमोक्रॅटिक पक्षाचा, तोही वकील, तोही वकिलीतून राजकारणात आलेला. हाच जाहीरनामा त्याच्यासमोर आला आणि त्याने सही केली नाही. राज्यातल्या आणखी दोन खासदारांनी, थर्मंड चॅटम आणि हॅरल्ड कूली यांनी, केली नाही. त्याच वर्षी पक्षांतर्गत निवडणुकीत डीन आणि चॅटम पडले, कूली तरला. अर्विन 1956 लाही निवडून आला, 1962 लाही, 1968 लाही. डीनचं नाव तू ऐकलं नव्हतंस ना? आता पाठ कर. सही न करण्याची वाट होती, ती दिसत होती आणि तिची किंमतही समोर लिहिलेली होती.

अर्विनला मी मोडीत काढत नाहीये, घाई करू नकोस. 1925 मध्ये राज्याच्या विधिमंडळात उत्क्रांतीवाद शिकवण्यावर बंदी आणायचं घाटत होतं, तेव्हा तरुण अर्विनने त्याची टर उडवली: या ठरावाचा एकच फायदा, माणसाच्या निर्मितीच्या आरोपातून माकडं सुटतील. 1954 मध्ये सिनेटमध्ये पाऊल टाकतो न टाकतो तोच, दिसेल त्याला कम्युनिस्ट ठरवणाऱ्या सिनेटर मॅकार्थीवर ठपका ठेवायच्या समितीवर बसला आणि कचरला नाही. 1966 चा जामीनसुधारणेचा कायदा, म्हणजे खिशात पैसे नाहीत म्हणून गरीब कैद्याने खटल्याआधीच सडू नये यासाठीची धडपड, त्यातही तो. 1971 मध्ये लष्कर साध्या नागरिकांवर पाळत ठेवतंय हे त्याने सुनावण्या घेऊन चव्हाट्यावर आणलं. आणि 1970 ची गोष्ट तर नीट बघ. वॉशिंग्टन शहरात पोलिसांनी दार न ठोठावता घरात घुसावं, पुढे गुन्हा करील या संशयावर आरोपीला आधीच डांबावं, असा कायदा निक्सनच्या सरकारला हवा होता. शहर बहुसंख्य कृष्णवर्णीयांचं. अर्विन जीव तोडून विरोधात बोलला आणि हरला. दार न ठोठावण्याचं कलम 1974 मध्ये रद्द झालं.

म्हणजे त्याला नावं झाकता येत होती! हेच मला त्याच्याबद्दल सर्वात जास्त सलतं. येत नसतं तर मी सोडलंही असतं. वॉशिंग्टनच्या काळ्या माणसाच्या दारासाठी राज्यघटना घेऊन उभा राहणारा हा माणूस, स्वतःच्या राज्यातल्या काळ्या माणसाच्या मतासाठी उभा राहिला नाही. वॉशिंग्टनमधले लोक त्याला मत देणार नव्हते की त्याचं मत काढून घेणार नव्हते. कॅरोलायनातले शेजारी, पक्षवाले, लग्नाकार्यात भेटणारे, ते घेणार होते. तिथे त्याने आधी नावं वाचली आणि मग कलम शोधलं. हुशार वकिलाला कलम सापडतंच. तुलाही सापडेल, म्हणून तर भीती आहे.

तुझा आक्षेप मला इथूनच ऐकू येतोय. तू म्हणशील, मॅडम, साक्षरता परीक्षा बघा. मतदार व्हायचं तर राज्यघटनेचा उतारा वाचता-लिहिता आला पाहिजे, असा नॉर्थ कॅरोलायनाचा नियम. त्यात काळा-गोरा शब्दच नाही. 1959 मध्ये लॅसिटर खटल्यात सुप्रीम कोर्टाने तो वैधही ठरवला. नावं झाकून वाचलं तर नियम स्वच्छच दिसतो की!

बरोबर पकडलंस. त्या न्यायाधीशांनी नावं झाकली आणि तशीच झाकून ठेवली. नियम वाचताना नावं झाकायची असतात, नियम चालतो कसा ते बघताना नोंदवही उघडायची असते. उतारा वाचून झाल्यावर पास-नापास कोण ठरवतं? नोंदणी कारकून. शाळाच वर्षानुवर्षं वेगळ्या आणि निकृष्ट ठेवल्या कुणी? त्याच राज्याने. 1965 चा मताधिकार कायदा आला तो ही नोंदवही उघडण्यासाठी, आणि अर्विन म्हणत राहिला की आहेत ते कायदे पुरेसे आहेत, राज्यांच्या अधिकारावर घाला नको. त्याच्या वडिलांचा, तेही मॉर्गन्टनचे वकीलच, सल्ला होता की आधी वस्तुस्थिती मिठात मुरवून ठेव, कायदा काही नासत नाही. हा सल्ला मुलगा आयुष्यभर अभिमानाने सांगत राहिला. कॅरोलायनाच्या मतदार याद्या मात्र त्याने मिठात घातल्या नाहीत.

मी तरी काय दिवे लावले, असं तुझ्या मनात येईल. आलं तर येऊ दे. माझ्या माहेरच्या भावकीने एका शेतकऱ्याची पाणंद नांगरून टाकली, तो माझ्याकडे आला. मामलेदार कोर्ट कायदा, कलम 5, सरळ प्रकरण. वहिवाट होती, अडवली होती. कागदावरची दोन्ही आडनावं झाकली तर शिकाऊ पोरालाही निकाल सांगता आला असता. मी वकालतनामा घातला. रस्ता खुला झाला आणि माहेरचा उंबरा मला बंद झाला. पुढे जिल्हा परिषदेसाठी माझं नाव निघालं तेव्हा सर्वात मोठा विरोध भावकीचाच होता. गेलं तिकीट. मला हवं होतं ते, खोटं कशाला बोलू. आमच्या तालुक्यातल्या शाळांच्या गळक्या खोल्यांसाठी मी भांडले असते, चांगलं भांडले असते, आणि ते राहून गेलं याची चुटपुट अजून आहे. पण पाणंदीतून रोज बैलगाडी जाते, हेही खरं आहे. लोक म्हणतात, बाईंना राजकारण कळत नाही. कळतं. डीनलाही कळत होतं.

तेव्हा तिकिटाचं. वकिली सुटेल ही भीती आधी डोक्यातून काढ. आमदार-खासदारांनाही वकिली करता येते हे सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय, नगरसेविकेचं काय घेऊन बसलीस? सनद ठेव, तारखा चुकवू नकोस. पक्षाने तुझ्या प्रचारासाठी ‘अतिक्रमणमुक्त वॉर्ड’ हा मुद्दा काढलाय, असं तू दोन ओळींत उरकलंस. उरकू नकोस. तोच तुझा कागद आहे. कुठली अतिक्रमणं? भाजीवाल्या बायकांच्या पाट्या आणि चप्पल शिवणाऱ्याची टपरीच, की बिल्डरने गटारावर ओढलेली भिंतही, पक्षकार्यालयापुढची पत्र्याची शेडही? यादी नावं झाकून वाच: किती फूट, कुठल्या रस्त्यावर, परवानगी आहे की नाही. मग नावं उघड आणि बघ, नोटिसा कुणाला गेल्या आणि कुणाला गेल्याच नाहीत. तेवढं झालं की पक्षाच्या माणसाला सांग, मी वॉर्ड मोकळा करीन, पण सुरुवात शेडपासून. त्यानंतरही एबी फॉर्म तुझ्या हातात पडला, तर खुशाल उभी राहा, मी स्वतः प्रचाराला येईन. नाही पडला तर सोमवारी माझ्याकडे ये, दिवाणीच्या कामांचा ढीग पडलाय.

यादी तोंडी मागू नकोस, कुणी देणार नाही. माहितीच्या अधिकारात मागव. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, तो पक्षाच्या खर्चात घालू नकोस.

तुझी,
मॅडम