वडिलांचा जुना लेथ विकायचा आहे, मला त्यातलं काही कळत नाही. किंमत कशी ठरवू?

भंगारवाल्याला आधी बोलावू नका. बाकी सगळं नंतर.

माझ्या काकांचा लेथ होता, म्हणजे धातू फिरवून कातायचं मशीन. ते गेल्यावर चुलतभावाचं एकच पालुपद: जागा अडलीये, लोखंडच आहे, वजनावर देऊन टाकू. मी हट्टानं एका निवृत्त टर्नरना (लेथ चालवणारे कारागीर) घेऊन आलो. त्यांनी रंगाकडे पाहिलंही नाही. हेडस्टॉकजवळ, म्हणजे फिरणाऱ्या टोकाकडे, बेडवर (खालच्या लांब रुळांवर) नख फिरवलं, मग दुसऱ्या टोकाला, टेलस्टॉकच्या बाजूला. हेडस्टॉकवरचा चक धातूचा तुकडा पकडून फिरवतो, आणि बहुतेक काम चकजवळच होतं, म्हणून बेड तिथेच आधी झिजतो. मग कॅरेज, म्हणजे हत्यार धरून बेडवर सरकणारा भाग, या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. झिजलेल्या बेडवर ते चककडे सैल आणि टेलस्टॉककडे जड जातं. इथे सगळीकडे सारखं सरकत होतं. स्पिंडलच्या (चक फिरवणारा दांडा) टेपरला, म्हणजे त्याच्या निमुळत्या भोकाला, डायल गेज लावून स्पिंडल हातानं फिरवला. बारीकशी थरथरही दाखवणारा गेजचा काटा जेमतेम हलला. मशीन उत्तम होतं.

मग त्यांनी विचारलं, "चेंज गियर कुठायत?"

चेंज गियर म्हणजे आटे पाडताना बदलायची सुटी दातेरी चाकं. त्यांची पेटी चुलतभावानं आधीच भंगारात घातली होती, कुणाला न विचारता. चार जबड्यांचा फोर जॉ चक आणि लांब तुकड्याला आधार देणारी स्टेडीही त्यातच. त्या लेथला गियरबॉक्स नव्हता, म्हणजे गियर गेले की वेगवेगळ्या पिचचे (दोन आट्यांमधल्या अंतराचे) आटे पाडणं बंद. गिऱ्हाईकानं नेमकं तेवढ्यावर बोट ठेवून भाव पाडला. भाऊ आजही म्हणतो, "विकला गेला ना, झालं." नाही झालं. काकांनी जन्मभर तेल घालून जपलेलं मशीन अर्धं करून विकलं आपण.

तर तुम्ही आसपासचा एकही डबा, एकही किल्ली हलवू देऊ नका, विशेषतः ज्यांना फक्त अडलेली जागा दिसते त्यांना. नवा रंग मारू नका, जाणकाराला संशय येतो. वीजजोडणी तोडू नका. चालू मशीनचा आवाज ऐकून माणूस पैसे काढतो. जाहिरातीतला आकडा ही नुसती मागणी असते. त्याच मापाचा लेथ शेवटी कितीला गेला, ते वर्कशॉपवाल्यांना विचारा. दोघांना दाखवा, त्यातला एक तरी स्वतः घेणारा नसावा.

हां, कास्टिंगला, म्हणजे मशीनच्या ओतीव भागाला, तडा असेल किंवा बेड पारच गेला असेल, तर वजनाचाच भाव येईल. आणि उचलून न्यायचा खर्च कोणाचा, ते भाव ठरवतानाच बोलून घ्या, तो लहान नसतो.