आईला गावात ठेवून परदेशी जाताना

"आईला एकटीला टाकून जातोय, हा स्वार्थच ना?" परदेशी निघालेल्या बऱ्याच मुलांच्या मनात हे असतं. समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसल्यावर मात्र सांगतात दुसरंच: झोप लागत नाही, कागदपत्रं पुरी होत नाहीत, छातीत धडधडतं.

गुहागर तालुक्यातल्या एका मुलाचं असंच होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) चिपळुणात स्टाफ नर्स. जर्मन भाषेची बी-टू पातळीची परीक्षा पास, जर्मनीतल्या हॉस्पिटलचं नेमणूकपत्र हातात, सर्टिफिकेटांवर अपॉस्टिलही (परदेशात दाखवायच्या कागदांवरचा सरकारी शिक्का) झालेलं. तरी व्हिसाची अपॉइंटमेंट तो पुढे ढकलत होता. फाईलमध्ये काहीतरी राहिलंय, म्हणे. मी म्हटलं, "काय राहिलंय ते लिही." त्याने लिहिलं: आई पडली तर कोण बघणार? आंब्याच्या कलमांची फवारणी? बाबा गेल्यावर सातबारावर वारस नोंद झालेली नाही. परदेशी गेलं की जमीन जाते, हे खरं का?

शेवटचं लगेच मिटलं. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही; वारशाने आलेली ठेवता येते. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे अर्ज करायचा. तिकडे गेल्यावर इथलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यायचं. ही सगळी कामं. उरली आई.

"तिला विचारलंस?"

तिला त्रास नको म्हणून त्याने घरी विषयच काढला नव्हता. पुढच्या खेपेला तिला घेऊन आला.

"अरे, आमचं लग्न झालं तेव्हा हे मुंबईला," आई म्हणाली. "शिमग्याला नि गणपतीत यायचे. बाकी वर्षभर मनिऑर्डर. तू झालास तेव्हाही हे नव्हते. मला एकटं राहायला तू शिकवणार?"

कोकणात अशा चाकरमान्यांच्या बायका घरोघरी. त्यांचीच मुलं हे कसं विसरतात, कोण जाणे!

तिच्या काळज्या वेगळ्याच निघाल्या. गाडी शेजारी आहे, पण ऑपरेशनची वेळ आली तर सही कोण करणार? कलमं करारानं द्यायची, पण कुणाला ते ती ठरवणार. गणपतीला येणार की नाही, ते आत्ताच सांग. पडवीत कॅमेरा बसवायची त्याची कल्पना तिने उडवूनच लावली: "मी काय बँक आहे?"

फोन कधी करायचा, हे ठरवण्यात आम्ही बराच वेळ घालवला. 'रोज रात्री नऊला' असं वचन मी देऊ देत नाही. जर्मनी आपल्यामागे उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. त्यात नर्सची ड्युटी बदलती. एक फोन चुकला की इथे जीव टांगणीला. त्यापेक्षा दर आठवड्याचं ड्युटीचं वेळापत्रक आईला पाठवायचं, म्हणजे तो कधी झोपलेला असेल हे तिला कळेल. गणपतीची रजा तिकडे रुजू झाल्या झाल्या मागायची. सहीसाठी चुलतभावाशी तिघांनी बसून बोलायचं ठरलं.

आईकडून 'खुशाल जा' असं मी वदवून घेतलं नाही. त्या शब्दावर विसंबून गेलेली मुलं पुढे प्रत्येक फोनमध्ये तिच्या आवाजात नाराजी शोधत बसतात. अपराधी वाटणं त्याचं थांबलं नाही, आणि तेवढं वाटणारच.

निघताना त्याने विचारलं, "वारस नोंद होईपर्यंत थांबू का?"

मी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "नोंदीला थांबलास तर मग मोहोराला थांबशील, मग आंब्याला, मग पावसाला. अर्ज देऊन टाक नि जा."