वर्गणीवर मॅस्टोडॉन सर्व्हर चालतो का? आमचा चालतोय, त्याचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाचनगटात तीनशेच्या आसपास माणसं आहेत, व्हॉट्सअ‍ॅपच्या गोंधळाला सगळे कंटाळलेत, तर वर्गणी काढून स्वतःचा मॅस्टोडॉन सर्व्हर चालवता येईल का, महिन्याला खर्च किती, आणि ठेच कुठे लागते?

चालवता येतो. मॅस्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखंच, पण एका कंपनीच्या मालकीचं नसलेलं, वेगवेगळ्या लोकांच्या छोट्या-मोठ्या सर्व्हरांनी मिळून बनलेलं जाळं. मी आणि आणखी तिघं मिळून एक छोटा मराठी सर्व्हर चालवतो, पगार कुणालाच नाही. नाव सांगत नाही, कारण नवी खाती सध्या बंद ठेवली आहेत. २०१९च्या नोव्हेंबरात एका वकिलांचं ट्विटर खातं बंद झाल्यावर भारतातून बरेच लोक रागारागाने मॅस्टोडॉनवर आले होते, मी त्यातलीच. बहुतेक जण महिन्याभरात गुपचूप परत गेले. जे उरले त्यांच्यापैकी आम्ही चौघांनी २०२२च्या दिवाळीनंतर, म्हणजे ट्विटर विकलं गेलं आणि दुसरा लोंढा आला तेव्हा, स्वतःचा सर्व्हर टाकला. आज २४० खाती आहेत, नियमित दिसणारी नव्वदेक.

आधी पैसे, कारण ते सोपं आहे. चार कोअर, आठ जीबी रॅमचा भाड्याचा सर्व्हर साधारण १,६००, फोटो-व्हिडिओ ठेवायला वेगळं ऑब्जेक्ट स्टोरेज ५५०, दुसऱ्या कंपनीकडे बॅकअप ४००. महिन्याचे झाले २,५५०. वर्षाचे ३०,६०० आणि डोमेनचे, म्हणजे साइटच्या पत्त्याचे, ९००, एकूण ३१,५००. बिल युरोत येतं, त्यामुळे रुपया घसरला की आमचं पण घसरतं. तीनशे माणसांनी वर्षाला दोनशे रुपये दिले तरी ढीगभर उरतील असा हिशेब तुम्ही मनात मांडला असेल. तसं होत नाही. आमच्याकडे मागच्या वर्षी ४१ जणांनी दिले, बाकीच्यांनी पोस्टला तारा, म्हणजे लाइक, दिला.

आता एक गोष्ट, जी आम्हाला कुणी आधी सांगितली नव्हती. खर्च तुमच्या सभासदांच्या संख्येवर कमी आणि ते किती जणांना फॉलो करतात यावर जास्त अवलंबून असतो. मॅस्टोडॉनचे सर्व्हर अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाच्या प्रोटोकॉलने एकमेकांशी बोलतात. तुमच्या गटातल्या एकाने जपानमधल्या मांजरांचे फोटो टाकणाऱ्या बाईला फॉलो केलं, की त्या बाईची प्रत्येक पोस्ट तुमच्या डेटाबेसात येते आणि प्रत्येक मांजराची प्रत तुमच्या स्टोरेजवर. आमच्या स्टोरेजमध्ये स्वतःच्या सभासदांचे फोटो मूठभर आणि परक्या सर्व्हरचे पोतंभर असतात. व्यवस्थापन पानावर ही परकी प्रत किती दिवस ठेवायची याची सेटिंग आहे. आम्ही सात दिवस ठेवलेत. जुना फोटो कुणी उघडला तर तो मूळ सर्व्हरवरून पुन्हा आणता येतो, त्यामुळे फारसं बिघडत नाही.

हे शहाणपण फुकट आलं नाही. पहिल्या वर्षी वेगळं स्टोरेज नव्हतं, सगळं एकाच डिस्कवर होतं आणि ती सेटिंग कोरी होती. मामेबहिणीच्या लग्नाला सांगलीला गेले होते. हळद लागत होती, हात पिवळे, आणि फोनवर एकामागून एक मेसेज: ‘ताई, साइट उघडत नाहीये.’ कार्यालयाच्या मागच्या जिन्यात बसून फोनवरच्या टर्मिनलमधून आत शिरले तर डिस्क शंभर टक्के भरलेली. पोस्टग्रेस, म्हणजे डेटाबेस, लिहायला जागा नाही म्हणून बंद पडलेला. परके फोटो उडवायची मॅस्टोडॉनची स्वतःची कमांड आहे, पण तिला कुठले फोटो उडवायचे ते डेटाबेसला विचारावं लागतं, आणि डेटाबेस तर झोपलेला. किल्ली कपाटाच्या आत आणि कपाटाला कुलूप. शेवटी जुने लॉग काढून दीड जीबी मोकळी केली, डेटाबेस उठवला, मग तासभर मांजरं उडवली. स्क्रीनवर हळदीचे डाग पडले ते पडलेच.

तेव्हापासून आम्ही डिस्कवर दोन जीबीची एक रिकामी फाइल ठेवतो. तिच्यात काही नाही. अडचण आली की ती उडवायची, श्वास घ्यायला जागा होते, मग शांतपणे मूळ काम करायचं. आणि डिस्क ८० टक्के भरली की फोन वाजतो.

वर्गणीचं आम्ही गल्लीतल्या मंडळाकडून उचललं. माझे वडील आमच्या वाड्याच्या गणपतीचे बरीच वर्षं खजिनदार होते, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी जमाखर्च फळ्यावर लागलाच पाहिजे हा त्यांचा हट्ट. तसाच आमचा हिशेब दर तिमाहीला जाहीर होतो, बिलांच्या प्रतींसकट. वेगळं बचत खातं, त्यावरच यूपीआय. सहा महिन्यांचा खर्च शिल्लक झाला की वर्गणी बंद, कुणी आग्रह केला तरी घेत नाही. यामागे भाबडेपणा नाही. संस्था नोंदवलेली नसेल तर हे पैसे खातेदाराच्या नावावर येतात, आणि नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेली अशी रक्कम एकूण ५०,००० रुपयांच्या वर गेली, तर वरच्या तुकड्यावर नव्हे, सगळ्याच रकमेवर कर लागतो. ८०जीची, म्हणजे देणगीवर करसवलत मिळवून देणारी, पावती मागणारे भेटतील, त्यांना नम्रपणे नाही म्हणा. न्यू जर्सीतले काका डॉलर पाठवतो म्हणतील, त्यांना आधी पासपोर्ट विचारा. भारतीय नागरिक असतील आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असतील तर गोष्ट वेगळी, पण ज्यांनी परकं नागरिकत्व घेतलंय ते मूळचे साताऱ्याचे असले तरी परकीय देणगीच्या कायद्यात परकेच धरले जातात. आम्ही त्या भानगडीत पडलो नाही. काकांना म्हटलं, प्रेम आहे, पैसे नकोत.

आणखी एक: परदेशी कंपनीचं बिल कार्डावरून आपोआप कापलं जाईल यावर विसंबू नका. ऑक्टोबर २०२१पासून रिझर्व्ह बँकेचे आवर्ती पेमेंटचे नियम कडक झाले तेव्हा अशी कित्येकांची बिलं अडकली. जिथे जमेल तिथे चार-सहा महिन्यांचे आगाऊ भरून ठेवा.

आता जे खरं जड आहे ते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे ‘ण’ आणि ‘न’वरून भांडण झालं. एका विदर्भातल्या मुलीने ‘पानी’ लिहिलं. मुद्दाम लिहिलं होतं, तिच्या आजीचं बोलणं सांगत होती. एका सद्गृहस्थांनी आधी तिचं शुद्धलेखन काढलं, मग शाळा काढली, मग जात काढली. तिने तक्रार केली. आम्ही त्यांचं खातं आठवडाभर गोठवलं. रात्री साडेअकराला त्यांचा मेल: ‘मी या सर्व्हरला १,२०० रुपये दिलेत, विसरू नका.’ खरं सांगते, आमच्यातला एक जण विसरला नव्हता. तो म्हणाला, जरा सबुरीने घेऊ, मोठे वर्गणीदार आहेत. त्यावरून आमचंच आपसात वाजलं. शेवटी त्याच रात्री त्यांचे १,२०० परत पाठवले आणि गोठवलेलं खातं गोठलेलंच ठेवलं.

त्या दिवसापासूनचा नियम: कोणी किती दिले हे फक्त खजिनदाराला माहीत. तक्रारी बघणाऱ्या दोघांना ती यादी दिसत नाही, आणि जाहीर हिशेबात रकमा असतात, नावं नसतात. मंडळाच्या अहवालात देणगीदारांची यादी छापतात, ते इथे बरोबर उलटं केलं. काही जणांना नाव न झळकल्याचं वाईट वाटलं. वाटू दे.

तक्रारींचं काम तुम्ही समजता त्याच्या तिप्पट आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये कुणीही येऊन खातं उघडू शकेल अशा छोट्या, बेवारशी सर्व्हरवर ढिगाने खोटी खाती काढून सगळ्या जाळ्यात स्पॅम ओतला गेला. आमची खाती मंजुरीने होती म्हणून आमच्या अंगणातून तो गेला नाही, पण आला मात्र बदाबदा, आणि चार रात्री आम्ही पाळीपाळीने तो उपसत होतो. तेव्हा खाती मंजुरीनेच द्या, आणि ‘का यायचंय’ या चौकटीत एक वाक्य मराठीत लिहायला सांगा, निम्मे बॉट तिथेच गळतात. शिवाय भारतातल्या २०२१च्या आयटी नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर ठळक द्यावा लागतो आणि तक्रारीची पोच २४ तासांत. पन्नास लाख वापरकर्त्यांची अट मोठ्यांच्या जादा जबाबदाऱ्यांसाठी आहे, एवढ्यातून छोट्यांची सुटका नाही. आमच्याकडे ते नाव माझं आहे. घरी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, अधिकारी झालीस, पगार?

बॅकअप रोज होतो म्हणून निश्चिंत राहू नका, तो उतरवून बघा. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीत चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला आणि मग कळलं की नेहमीचे बॅकअप चालतच नव्हते. सहा तासांपूर्वीची एक प्रत नशिबाने हाती होती म्हणून निभावलं. ते तर पगारी लोक. आम्ही पहिल्यांदा जुन्या लॅपटॉपवर बॅकअप उतरवला तेव्हा डेटाबेस छान आला, पण गुप्त किल्ल्यांची सेटिंग फाइल आम्ही कधी बॅकअपमध्ये घेतलीच नव्हती. ती नसेल तर दुहेरी पडताळणी लावलेले लोक बाहेरच राहतात. आणि बॅकअप कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करून ठेवा. मे २०२३मध्ये कोलेक्टिव्हा नावाच्या सर्व्हरच्या एका व्यवस्थापकाच्या घरावर एफबीआयने भलत्याच प्रकरणात धाड घातली, आणि जप्त केलेल्या सामानात सर्व्हरच्या डेटाबेसची उघडी प्रत होती. मॅस्टोडॉनवरचे खासगी संदेश सर्व्हरवाल्याला तांत्रिकदृष्ट्या वाचता येतात, हे सभासदांना पहिल्याच दिवशी सांगा. आमच्याकडे ते ऐकून दोघं निघून गेले. बरोबर केलं त्यांनी.

किरकोळ: खात्याच्या पुष्टीचे मेल स्वतःच्या सर्व्हरवरून पाठवायचा हट्ट करू नका, स्पॅममध्ये जातात, एखादी मेल सेवा वापरा. पूर्ण मजकूर शोधायची सोय वेगळी जोडावी लागते आणि ती रॅम खाते, आम्ही बंद ठेवली. ५०० अक्षरांत कविता बसत नाही अशी ओरड होईल. मर्यादा वाढवलेल्या सुधारित आवृत्त्या मिळतात, पण मूळ आवृत्तीपासून जितकं लांब जाल तितकं प्रत्येक अपडेटला जागरण.

डोमेन मात्र विचार करून घ्या, ते नंतर धडपणे बदलता येत नाही. गंमत म्हणून दूरदेशीचं दोन अक्षरी शेपूट घेऊ नका. क्वीअर डॉट एएफ नावाचा सर्व्हर होता, एएफ म्हणजे अफगाणिस्तान. फेब्रुवारी २०२४मध्ये तालिबानने ते डोमेनच बंद केलं.

आणि शेवटचं. मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत यायचं असेल तर एक करारनामा पाळावा लागतो: द्वेषाविरुद्ध ठाम कारवाई, रोजचा बॅकअप, अडीअडचणीला आत शिरू शकेल असा निदान दुसरा एक माणूस, आणि बंद करायचा असेल तर तीन महिन्यांची आगाऊ सूचना. यादीत यायचं नसलं तरी हे पाळा. सूचना यासाठी की सभासद दुसरीकडे जाताना फॉलोअर बरोबर नेऊ शकतात, पोस्ट नाही. त्या उतरवून घ्यायला वेळ लागतो. आमच्या चौघांपैकी तांत्रिक मी एकटी. दुसऱ्या किल्ल्या नाशिकच्या एका शिक्षिकेकडे आहेत, एका बंद पाकिटात, त्यांच्या रेशनकार्डाच्या डब्यात. आत दोन पानं आहेत: कुठे फोन करायचा, कुठला पासवर्ड कुठे, आणि लोकांना काय लिहून सांगायचं. दर मे महिन्यात त्या पुण्याला आल्या की पाकीट फोडून, माझ्यासमोर, मला एकही प्रश्न न विचारता त्या आत शिरून दाखवतात. मागच्या मेमध्ये त्या तिसऱ्या पायरीला अडल्या, कारण मी फोन बदलला होता आणि पान बदललं नव्हतं.

तुमच्या गटातला तो दुसरा माणूस कोण, हे ठरलं की लिहा. तांत्रिक नसला तरी चालतो, आमच्या बाई भूगोल शिकवतात.